गोचिडांवरची चघळण्याची गोळी : काम चोख, इशारा मात्र घडीतल्या कागदात

ज्या घरात कुत्रा आहे त्या घराला गोचीड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी चिकटलेले हे जीव रक्त तर पितातच, पण त्यांच्यामार्फत एर्लिकिया आणि बबेसिया हे रोगजंतू अंगात शिरून जो आजार होतो, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘गोचीड ताप’ म्हणतात, त्यात प्लेटलेट घसरतात, बबेसियामध्ये लघवी गडद लालसर होते आणि उपचारांना उशीर झाला तर कुत्रा दगावतो. गोचिडांवरचे औषध ही चैन नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढचे सारे वाचून कोणी गोळी कचऱ्यात टाकावी असा या परीक्षणाचा हेतू नाही.

परीक्षण आहे ते चघळण्याच्या गोळ्यांचे. आपल्याकडच्या दुकानांत प्रामुख्याने तीन नावे दिसतात. ब्रॅव्हेक्टो, जिच्यात फ्लुरालानेर हे औषध असते आणि जी साधारण तीन महिने पुरते. नेक्सगार्ड, जिच्यात अफोक्सोलानेर असते. आणि सिम्पॅरिका, जिच्यात सॅरोलानेर असते. शेवटच्या दोन्ही महिन्यातून एकदा द्यायच्या असतात. तिन्ही औषधे आयसोक्साझोलिन या एकाच कुळातली आहेत, त्यांचे गुण आणि त्यांचा धोका दोन्ही एकाच गुणधर्मातून येतात, आणि म्हणून त्यांचा वेगवेगळा विचार करण्यापेक्षा एकत्र विचार करणे मला अधिक प्रामाणिक वाटते. आमचा चिकू, लॅब्राडोर आणि गावठी यांचा संकर, या कुळातल्या गोळ्या काही वर्षे खातो आहे. त्याला त्यांचा त्रास झालेला नाही. शेजारच्या बीगलला झाला. ती हकिकत पुढे येईल, पण गोळी कोणत्या कंपनीची होती ते मी लिहिणार नाही, कारण आकडीचा इशारा तिन्ही गोळ्यांना सारखाच लागू आहे आणि एकाच नावावर ठपका ठेवला की वाचक दुसऱ्या नावाची तीच गोष्ट निर्धास्तपणे विकत घेतो.

आधी कामाविषयी. गोळीला मांसासारखा स्वाद असतो, बहुतेक कुत्रे ती खाऊ समजून खातात, आणि मानेवर टाकायच्या थेंबांप्रमाणे आंघोळ किती दिवस घालायची नाही, पावसात भिजला तर काय, लहान मुलाने पाठीवरून हात फिरवला तर काय, असले प्रश्न उरत नाहीत. फ्लुरालानेर पिसवांवर सुमारे 8 तासांत आणि गोचिडांवर सुमारे 12 तासांत परिणाम दाखवते. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात, जिथे कुत्रा दिवसातून दोनदा चिंब होऊन येतो, तिथे ही सोय किती मोठी आहे हे थेंब वापरणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. आमच्याकडे गोळी सुरू केल्यानंतर अंगावर फुगलेली गोचीड जवळजवळ दिसेनाशी झाली; दिसली तरी सुकून चिकटलेली, मेलेली दिसली.

दोन मर्यादा मात्र जाहिरातीत ठळक दिसत नाहीत. गोळी रक्तातून काम करते, त्यामुळे गोचीड मरण्यासाठी तिने आधी चावणे भाग असते, आणि एर्लिकियाचा जंतू चाव्यानंतर अवघ्या काही तासांतही कुत्र्याच्या अंगात उतरू शकतो. म्हणजे गोळी चालू असतानाही गोचीड ताप होण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. दुसरी मर्यादा घराची. आपल्याकडची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, कुत्र्याच्या गादीखाली हजारोंनी अंडी घालते आणि तिचे सारे जीवनचक्र घरातल्या घरात पूर्ण होऊ शकते, तेव्हा केवळ कुत्र्याला गोळी देऊन भेगा तशाच ठेवल्या तर औषधाला दोष देण्यात अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा. ही औषधे कीटकांच्या आणि गोचिडांच्या मज्जातंतूंमधल्या क्लोराइडच्या वाटा बंद करतात. या वाटा मज्जातंतूंना आवरून धरण्याचे काम करतात. त्या बंद झाल्या की मज्जातंतू बेलगाम होतात आणि गोचीड आचके देऊन मरते. तशाच प्रकारच्या वाटा कुत्र्याच्या मेंदूतही असतात, मात्र कीटकांच्या वाटांना हे औषध जितक्या घट्टपणे चिकटते तितके सस्तन प्राण्यांच्या वाटांना चिकटत नाही, आणि औषधाची सगळी सुरक्षितता या फरकावर उभी आहे. बहुसंख्य कुत्र्यांमध्ये हा फरक पुरेसा ठरतो. काही थोड्यांमध्ये तो पुरत नाही, आणि मग स्नायू थरथरणे, चालताना झोकांड्या जाणे, मागचे पाय ओढले जाणे आणि आकडी येणे ही लक्षणे दिसतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2018 मध्ये या संपूर्ण कुळाबद्दल पशुवैद्य आणि प्राण्यांचे मालक या दोघांसाठी सूचना काढली, आणि पत्रकांमध्ये मज्जासंस्थेवरील दुष्परिणामांची माहिती ठळकपणे घालण्याचे काम कंपन्यांसोबत हाती घेतले. तीत दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या होत्या आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. बहुतांश प्राण्यांसाठी ही औषधे सुरक्षित आणि परिणामकारक आहेत, ही पहिली. पूर्वी कधीही आकडी न आलेल्या प्राण्यालाही त्यांच्यामुळे ती येऊ शकते, ही दुसरी. दुकानदार पहिली गोष्ट सांगतो, समाजमाध्यमावरचा घाबरलेला मालक दुसरी सांगतो, आणि पूर्ण वाक्य क्वचितच कोणी सांगतो.

मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांत याची चाहूल लागली होती. नेक्सगार्डच्या अमेरिकी चाचणीत 415 कुत्र्यांना ते औषध दिले गेले. त्यांपैकी सुमारे 4 टक्के कुत्र्यांना उलटी झाली, काहींची त्वचा कोरडी पडली, काहींना जुलाब झाले. या किरकोळ यादीनंतर पत्रकात तीन कुत्र्यांची स्वतंत्र नोंद आहे. तिघांनाही आधीपासून आकडीचा इतिहास होता. एकाला पहिल्या आणि दुसऱ्या मात्रेच्या दिवशीच आकडी आली आणि तिसऱ्या मात्रेनंतर आठवड्याने पुन्हा आली; दुसऱ्याला तिसऱ्या मात्रेनंतर 19 दिवसांनी आली; तिसऱ्याला काहीच झाले नाही. या तीन ओळींतून जेवढे कळते तेवढे कोणत्याही जाहिरातीतून कळत नाही. मात्रेच्या दिवशी आलेल्या आकडीकडे बोट दाखवणे सोपे आहे, परंतु 19 दिवसांनी आलेली आकडी गोळीमुळे की मूळच्या अपस्मारामुळे, हे ठामपणे कोण सांगणार?

युरोपमधल्या पत्रकात फ्लुरालानेरमुळे येणारी आकडी ‘अतिशय क्वचित’ या वर्गात आहे. या वर्गाचा अर्थ उपचार मिळालेल्या 10,000 प्राण्यांत एकापेक्षा कमी. याच्या उलट, 2020 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मालकांच्या एका सर्वेक्षणात सुमारे दोन तृतीयांश उत्तरदात्यांनी आपल्या कुत्र्याला काही ना काही त्रास झाल्याचे नोंदवले होते. हा आकडा वाचून धस्स होते, पण असे सर्वेक्षण भरायला मुख्यत्वे त्रास झालेलाच माणूस बसतो, ज्याचा कुत्रा गोळी खाऊन आरामात झोपला त्याला ते भरण्याचे काही कारण नसते. कंपन्यांकडे आपणहून आलेल्या तक्रारींमधून खरा आकडा कमी दिसण्याची शक्यता असते, सर्वेक्षणातून तो फुगून दिसतो. माझ्या मते धोका लहान आहे, खरा आहे, आणि कोणाच्या वाट्याला येईल हे आधी सांगता येत नाही.

शेजारच्या काकूंच्या बीगलचे असे झाले. वय दोन-तीन वर्षांचे, प्रकृती ठणठणीत, आकडीचा इतिहास नाही. गोळी जवळच्या दुकानातून आणली होती, तिथे केवळ वजन विचारले गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोके आणि पुढचे पाय थरथरू लागले, आणि रात्री आकडी आली. डॉक्टरांनी डायझेपाम देऊन ती थांबवली, रक्ततपासणी केली, साखर आणि कॅल्शियम ठीक असल्याची खात्री केली, आणि काकूंना स्पष्ट सांगितले : “गोळीमुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण या कुळातली गोळी याला पुन्हा द्यायची नाही.” मला हे उत्तर फार शहाणपणाचे वाटले. बीगलमध्ये आनुवंशिक अपस्मार मुळातच अधिक आढळतो आणि तो साधारण 6 महिने ते 6 वर्षे या वयातच पहिल्यांदा डोके वर काढतो, त्यामुळे योगायोगाची शक्यता उरतेच. परंतु ती तपासून पाहण्यासाठी पुन्हा तीच गोळी देण्याचा जुगार कोणी खेळू नये.

येथे या गोळ्यांची एक अडचण समजून घ्यावी लागते. मानेवर टाकलेले थेंब लगेच धुता येतात, पट्टा काढून फेकता येतो. गोळी एकदा पचनी पडली की ती परत काढता येत नाही, तिच्यावर उतारा नाही, आणि उपचार होतात ते केवळ लक्षणांवर. तिन्ही औषधांचा अर्धायुकाल साधारण दीड ते दोन आठवड्यांचा आहे, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच तेवढे दिवस लागतात. ‘महिन्याची गोळी महिन्याने अंगातून निघून जाते’ ही समजूत त्यामुळे खरी नाही. महिन्यानंतर गोचिडांवरचा परिणाम खात्रीचा राहत नाही, एवढाच तिचा अर्थ. तरीही मात्रेत मोठा फरक आहे. फ्लुरालानेर दर किलो वजनामागे किमान 25 मिलिग्रॅम दिले जाते, अफोक्सोलानेर 2.5 आणि सॅरोलानेर 2 मिलिग्रॅम. औषधे वेगवेगळी असल्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करून एक दहापट विषारी आहे असे म्हणणे चूक ठरेल. मुद्दा मुदतीचा आहे : पहिल्यांदाच गोळी देत असाल तर जिचा परिणाम तीन महिने टिकावा म्हणून बांधणी केली आहे, तिच्यापासून सुरुवात करू नये. महिन्याच्या गोळीने सुरुवात करावी, दोन-तीन महिने पाहावे, आणि मगच सोयीचा विचार करावा. माझे हे मत डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “ताई, लोकांना तीन महिन्यांचीच हवी असते, विसरायला होत नाही म्हणून.” तेही खरे आहे. अमेरिकेत तर 2025 मध्ये फ्लुरालानेरच्या वर्षभर पुरणाऱ्या इंजेक्शनलाही मंजुरी मिळाली. विसरभोळ्या मालकांची सोय झाली, पण एखाद्या कुत्र्याला औषध सोसले नाही तर काय, हा प्रश्न मला त्या बातमीने अधिकच छळतो.

वजनाचा प्रश्न तर त्याहून रोजचा आहे. ब्रॅव्हेक्टोची 1000 मिलिग्रॅमची गोळी 20 किलोच्या वरून 40 किलोपर्यंतच्या कुत्र्यांसाठी आहे. तीच गोळी 40 किलोच्या कुत्र्याला किलोमागे 25 मिलिग्रॅम देते आणि 21 किलोच्या कुत्र्याला जवळजवळ 48. दोन्ही मात्रा मंजूर मर्यादेत बसतात हे मान्य, परंतु 18-19 किलोच्या कुत्र्याला ‘वीस-बावीस असेल’ असे म्हणून वरच्या गटातली गोळी दिली तर वजनगटाची मर्यादा आपण नजरेच्या अंदाजावर पार करत असतो. दुकानात कुत्रा नसतोच, असतो तो मालकाचा अंदाज, आणि तोही बहुधा गेल्या वर्षीचा. याहून वाईट सवय म्हणजे मोठी गोळी आणून ती सुरीने कापून दोन-तीन लहान कुत्र्यांत वाटणे. पैसे वाचतात, यात शंका नाही. तीन महिन्यांच्या एका गोळीला हजाराहून अधिक रुपये मोजावे लागत असताना हा मोह मी समजू शकते. परंतु फ्लुरालानेरची गोळी तोडू नये असे पत्रकातच म्हटले आहे, आणि सॅरोलानेरच्या सुरक्षितता चाचणीत लहान पिल्लांना शिफारशीच्या अनेक पट मात्रा दिली गेली तेव्हा कंप, तोल जाणे आणि आकडी हेच परिणाम दिसले होते. सिम्पॅरिका अमेरिकेत 6 महिन्यांखालच्या पिल्लांना देण्यास परवानगी नाही. आपल्याकडे पिल्लू घरी आणले की पहिल्याच आठवड्यात गोचिडांची गोळी मागणारे मालक मी स्वतः पाहिले आहेत.

विक्रीच्या पद्धतीला मी पाचपैकी एकच गुण देईन, औषधाच्या परिणामाला चार. अमेरिकेत या गोळ्या पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आपल्या शहरात मी पाहिलेल्या दुकानांत आणि घरपोच सेवांत वजनाचा गट निवडला की गोळी पिशवीत पडते. आकडी, वय, गाभण असणे, चालू औषधे, यांपैकी काहीही विचारले जात नाही. इशारा छापलेला असतो तो खोक्यातल्या अनेक घड्यांच्या, मुंगीएवढ्या अक्षरांच्या इंग्रजी कागदावर, आणि एखादी गोळी खोक्याबाहेर काढून सुटी दिली तर तो कागदही मिळत नाही. गाभण कुत्रीच्या बाबतीत तिन्ही गोळ्यांची माहिती सारखी नाही : फ्लुरालानेर गाभण आणि दूध पाजणाऱ्या कुत्र्यांत वापरता येते, अफोक्सोलानेरच्या अमेरिकी पत्रकात तशा वापराची सुरक्षितता तपासलेली नसल्याचे म्हटले आहे. हा फरक काउंटरवर कोणी सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. पशुवैद्यही गर्दीच्या वेळी नुसते नाव लिहून देतात. एक प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते, “याला कधी आकडी आली आहे का, थरथरतो का?” आणि तो डॉक्टरांनी विचारला नाही तर मालकाने आपणहून उत्तर द्यावे.

मग पर्याय काय? फिप्रोनिलचे थेंब आहेत, औषधी पट्टे आहेत, पाण्यात मिसळून लावायची अमिट्राझ किंवा डेल्टामेथ्रिनची औषधे आहेत, आणि अनेक दवाखान्यांत अजूनही आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिले जाते. यांतला एकही निर्धोक नाही. अमिट्राझ अधिक प्रमाणात अंगात गेले तर नाडी मंदावते आणि कुत्रा गुंगून पडतो. आयव्हरमेक्टिन कोलीसारख्या काही जातींना घातक ठरते, कारण औषध मेंदूत जाऊ न देणारी रचना त्यांच्यात जनुकीय दोषामुळे अपुरी असते. गंमत अशी की त्याच दोषाच्या कोलींना फ्लुरालानेर शिफारशीच्या कमाल मात्रेच्या तिप्पट देऊनही ते सोसले होते. परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे थेंब मांजराला लावले तर मांजर मरू शकते, आणि कुत्र्यासाठीची गोळी मांजराला चारणे हाही तितकाच अविचार आहे. रॉकेल, फिनेल आणि कापूर-तेलाच्या घरगुती उपायांचा उल्लेख केवळ ते करू नयेत म्हणून करते. ज्या कुत्र्याला आकडीचा इतिहास आहे त्याच्यासाठी मी डॉक्टरांना विचारून थेंब किंवा पट्टा निवडेन, रोज संध्याकाळी कंगव्याने अंग तपासेन आणि घरातल्या भेगा बुजवेन. कष्ट जास्त आहेत, पण कुत्रा अपस्माराची औषधे खात असेल तर दुसरा मार्ग मला दिसत नाही.

निरोगी प्रौढ कुत्र्यासाठी मात्र मी गोळीच घेते, आणि पुढेही घेईन. देण्याच्या दिवशी चिकूचे दवाखान्यातल्या काट्यावर वजन करते, गोळी जेवणासोबत देते (फ्लुरालानेर उपाशीपोटी नीट शोषले जात नाही), आणि ती शनिवारी सकाळी देते, जेणेकरून पुढचे दोन दिवस कोणीतरी घरी असते आणि दवाखानाही उघडा असतो. गोळी आणि एखादे नवे औषध किंवा लस एकाच दिवशी देत नाही, कारण त्रास झालाच तर कशामुळे झाला हे कळायला हवे. एखादी उलटी, एक वेळ अन्नावरची वासना जाणे, जरा सुस्त पडणे, यांवर घाबरण्याचे कारण नाही. थरथर, झोकांड्या, एकटक शून्यात पाहणे, किंवा तोंडातून लाळ गळत अंग ताठ होणे दिसले तर तोंडात हात किंवा चमचा घालू नये, आजूबाजूचे सामान बाजूला करावे, घड्याळ लावावे आणि मोबाइलवर चित्रण करावे, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत आकडी थांबलेली असते आणि डॉक्टरांना ती पाहायला मिळत नाही. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा एकापाठोपाठ दुसरी आली, तर थेट दवाखाना गाठावा.

त्रास झाल्यास तो नोंदवावा, हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे. माणसांच्या औषधांच्या दुष्परिणामांसाठी 2010 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचे केंद्र गाझियाबादला आहे आणि त्याचा निःशुल्क दूरध्वनीही आहे. कुत्र्याच्या गोळीबद्दल मालकाच्या हाती सहज येते ते खोक्यावरचे कंपनीचे ग्राहक संपर्काचे पत्ते. तिथे लेखी कळवावे, तुकडी क्रमांक आणि मुदतीची तारीख द्यावी, डॉक्टरांच्या सहीची टिपणी जोडावी. काकूंनी तसे कळवले. पोच आली, पुढे आणखी चौकशीचा फोनही आला.

शेवटी साठवणीबद्दल. मांसाच्या स्वादामुळे कुत्रा ही गोळी औषध म्हणून ओळखत नाही, त्यामुळे खालच्या कप्प्यात ठेवलेले पाकीट फोडून तो उरलेल्या साऱ्या गोळ्या खाऊ शकतो. पाकीट वरच्या फळीवर, बंद डब्यात ठेवावे, आणि तसे घडलेच तर लक्षणांची वाट न पाहता रिकामे पाकीट सोबत घेऊन त्याच तासात डॉक्टरांकडे जावे, कारण किती मिलिग्रॅम पोटात गेले हे त्या पाकिटावरच लिहिलेले असते.